बाईसाहेबांचं औषधपाणी

घराची वाटणी झाली तेव्हा सगळं कसं सुरळीत पार पडलं. पुढच्या दोन खोल्या थोरल्या भावाला, मागच्या दोन धाकट्याला, मधल्या दाराला दोन्हीकडून कडी. मामंजींना बाहेरची खोली, म्हणजे ते कुणाच्याच घरात नाहीत आणि दोन्ही घरांत आहेत. भांडी मोजून झाली, गाद्या मोजून झाल्या, बादल्यासुद्धा झाल्या. घोडं अडलं ते शेळ्यांपाशी. त्यांची वाटणी करून पाहिली नाही असं नाही. गोठ्यात मधोमध फळ्या ठोकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बघावं तर सगळ्या शेळ्या एकाच बाजूला, निवांत रवंथ करत बसलेल्या, आणि दोन फळ्या जमिनीवर. शेवटी ठरलं, गोठा सामाईक. सकाळची धार मोठीनं काढायची, संध्याकाळची धाकटीनं, आणि ज्या वेळचं दूध त्या घरात.

मोठी म्हणजे थोरली सून. अंगानं भरलेली, आवाजानं त्याहून भरलेली. गोठ्यातलं आपल्याला कळतं तेवढं या घरात कुणालाच कळत नाही, याबद्दल तिच्या मनात तीळभरही शंका नव्हती. खोटं कशाला बोला, बरंचसं कळतही होतं. धाकटी काडीसारखी बारीक आणि अबोल. पण तिचं ते न बोलणंच मोठीच्या डोक्यात जायचं. भांडली असती तर मोठीला चार गोष्टी ऐकवता आल्या असत्या. गप्प बसणाऱ्या माणसाला काय ऐकवणार?

दोघींचं बोलणं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. कारण इतकं चिल्लर होतं की मोठीला ते कुणाला सांगायचीही लाज वाटे. धाकटी नवी सून म्हणून आली, तेव्हा तिनं जन्मात शेळीला हात लावलेला नव्हता. एकदा पाहुणे बसले असताना ती मोठ्या हौसेनं बादली घेऊन गोठ्याकडे निघाली आणि मोठी बसल्या जागेवरून म्हणाली, "राहू दे गं, तुला जमायचं नाही." एवढंच. पाहुणे हसले. धाकटीनं बादली खाली ठेवली, आत गेली, आणि त्या दिवसापासून मोठीशी तिनं चकार शब्द काढला नाही. धार काढायला मात्र शिकली. कुणाकडे शिकली, कधी शिकली, देव जाणे; पण अशी शिकली की शेवटचा थेंब निघेपर्यंत शेळी मान वळवून बघतसुद्धा नसे. मोठीला ते दिसत होतं. बोलायची इच्छाही झाली होती एकदोनदा. पण मोठेपण असं ऐन वेळी आडवं येतं.

दोघे भाऊ एकाच कारखान्यात, एकाच पाळीत. बायकांच्या भांडणात पडायचं नाही, यावर त्यांचं पूर्ण एकमत होतं. आयुष्यात तेवढ्या एकाच गोष्टीवर झालं असेल.

आता एका गोठ्यात काम करायचं म्हणजे न बोलता कसं चालेल? त्यावर दोघींनी न ठरवताच तोड काढली होती. गोठ्यातली थोरली शेळी होती बाईसाहेब. पांढरीशुभ्र, कानांवर तपकिरी ठिपके, आणि चालणं असं की साहेब तपासणीला आलेत. जे काही सांगायचं ते बाईसाहेबांना सांगायचं. धाकटी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत असली की मोठी गोठ्यातून आवाज चढवून म्हणायची, "बाईसाहेब, चारा कापायची कात्री कुणीतरी ओली ठेवलीय. गंजल्यावर कळेल." संध्याकाळी मोठी ओट्यावर बसलेली दिसली की धाकटी बाईसाहेबांच्या कानाशी, पण अंगणभर ऐकू जाईल असं सांगायची, "बाईसाहेब, कात्री सकाळपासूनच ओली आहे बरं का." बाईसाहेब दोघींचंही ऐकून घेत आणि गव्हाणीत तोंड घालत. मामंजी म्हणायचे, या घरात समजूतदार बाई एकच आहे आणि तिला शिंगं आहेत.

या बोलण्यात सगळं यायचं. चारा, पाणी, पत्र्याला पडलेलं भोक, शेजारणीचं वागणं. एक गोष्ट मात्र कधी आली नाही. ती म्हणजे जंताचं औषध.

झालं होतं असं, की आदल्या वर्षी काजळी नावाची शेळी गेली. रोडावत गेली, जबड्याखाली पाण्याची गाठ आली, आणि एका दुपारी बसली ती उठलीच नाही. गुरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. शेळीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून त्यांनी दाखवलं. लाल दिसायला हवी ती कागदासारखी पांढरी होती. म्हणाल्या, "जंतांनी रक्त प्यायलं हिचं. पण म्हणून उठसूट औषध पाजत सुटू नका. मला दाखवायचं, मी सांगेन तेव्हाच द्यायचं." मोठीनं ते शब्द उचलले आणि त्याच संध्याकाळी अंगणात उभी राहून बाईसाहेबांना बजावलं, "डॉक्टरीणबाईंना विचारल्याशिवाय या गोठ्यात कुणी औषधाला हात लावायचा नाही. आगाऊपणा चालायचा नाही, सांगून ठेवते."

आणि पहिला आगाऊपणा तिनंच केला. काजळीची ती पांढरी पापणी काही केल्या तिच्या मनातून जाईना. कुठल्या शेळीच्या लेंड्या जरा पातळ झाल्या की हिला चैन पडत नसे. डॉक्टरीणबाईंना बोलवावं तर त्या पापणी बघणार आणि म्हणणार काही नाही झालेलं. त्यापेक्षा थोडं पाजलेलं बरं. पेंडीच्या दुकानात औषधाच्या बाटल्या मिळायच्या. पेंडवाला म्हणाला, "द्या की, त्यानं वाईट थोडंच होणार आहे?" मोठीला हेच ऐकायचं होतं. पांढऱ्या औषधाची बाटली तिनं पिठाच्या डब्यामागं लपवली. सकाळी धार काढून झाली की जबड्याच्या कोपऱ्यातून पिचकारी सरकवायची, हळूच सोडायचं, घशाखाली उतरेपर्यंत हनुवटी धरून ठेवायची. शेळ्यांची कांती तजेलदार दिसली की मनात म्हणायची, कुणामुळं आहे हे? कुणाला ठाऊक नसलं म्हणून काय झालं.

बाईसाहेबांना जरा जास्तच मिळायचं. लाडकी होती ना.

त्या वर्षी एक मात्र चमत्कारिक झालं. बाईसाहेब गाभण राहीनात. दोनदा बोकडाकडे नेली, दोनदा उलटली, म्हणजे गर्भ न धरता पुन्हा माजावर आली. मोठीनं बोकडवाल्याला रस्त्यात गाठून त्याच्या बोकडाबद्दल असं काही ऐकवलं की तो बिचारा पुढं हिला बघून गल्ली बदलायचा. तिसऱ्यांदा दुसरा बोकड बघितला आणि बाईसाहेब एकदाच्या राहिल्या. डॉक्टरीणबाईंनी हात लावून खात्री केली तेव्हा मोठीला इतका आनंद झाला की ती ही बातमी शेळीलाच दोनदा सांगून बसली, धाकटीला ऐकू जावी म्हणून. बाईसाहेबांचं वय होत आलं होतं. तिच्यासारखं दूध गोठ्यात दुसरीला नव्हतं, आणि तिच्यामागं तिची एकही पाट नव्हती, म्हणजे मादी करडू. आता एक व्हावी आणि गोठ्यात राहावी, एवढंच मोठीनं मनाशी धरलं होतं. यात घरची पुंजी वाढायची आशा होती, हे खरं. पण त्याहून जास्त, तिला बाईसाहेबांनंतरचा गोठा डोळ्यांपुढं आणवत नव्हता.

आणि त्या बाईसाहेबांनी चारा सोडला.

आधी नुसतीच उदास दिसत होती. मोठीनं पाहिलं, काजळी आठवली, आणि हात पिठाच्या डब्यामागं गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्याचं दार उघडलं तर बाईसाहेब कोपऱ्यात उभी. तोंडातून लाळेची धार, मागचे पाय लटलट कापतायत, आणि नुसता पत्रा वाजला तरी दचकतेय. बादली तिथंच टाकून मोठी अंगणात आली आणि शेळीला नाही, भिंतीला नाही, सरळ मागच्या दाराकडे बघून ओरडली, "अगं, डॉक्टरीणबाईंना बोलाव."

धाकटी दारात आली. काय झालं म्हणून विचारलंही नाही; चपला न घालताच पळाली.

डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण कामात असताना त्यांच्या पुढं कुणाची बोलायची टाप नसे. स्कूटर लावली, पेटी उघडली, शेळीचा ताप बघितला, पोटाला कान लावला, लेंड्या डबीत घेतल्या. मोठी शेळीच्या डोक्याशी, धाकटी शेपटीशी, मामंजी दारात काठी टेकून. गोठा एरवी प्रशस्त वाटायचा, त्या दिवशी श्वास घ्यायला जागा नव्हती.

"विषारी पाला वगैरे खाल्ला का हिनं?"

"नाही," मोठी म्हणाली. "बाहेर सोडलेलीच नाही."

"जंताचं औषध कधी दिलं होतं?"

आता इथं माणसानं खरं बोलावं, यात काही वादच नाही. पण मागं धाकटी उभी होती. आगाऊपणा चालायचा नाही म्हणून अंगणभर ऐकवलेलं अजून हवेत असल्यासारखं होतं. मोठीच्या तोंडून निघालं, "तुम्हाला विचारल्याशिवाय कशाला देऊ?"

डॉक्टरीणबाईंनी धाकटीकडे पाहिलं. धाकटीनं मान हलवली. नाही.

"म्हणजे वर्षभर काहीच नाही?"

मामंजी छताकडे बघत होते.

"मग अवघड आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पापणी तेवढी फिकट नाही, हे जरा कोड्यात टाकतंय. पण वर्षभर औषध नाही, मागच्या वर्षी एक शेळी त्यानंच गेलेली, आणि ही गाभण. तपासणी करून येईपर्यंत थांबले तर उशीर व्हायचा. गाभण शेळीला चालतं ते औषध आहे माझ्याकडे, ते आत्ताच देते." त्यांनी पेटीतून पिचकारी काढली, बाटलीतून औषध ओढलं, आणि बाईसाहेबांचा जबडा धरला.

मोठीनं बाईसाहेबांच्या डोळ्यांत पाहिलं. शेळीचा डोळा तो, त्यात काय दिसणार. पण ते जनावर इतकं थरथरत असतानाही तोंड उघडून उभं राहिलं होतं. औषधाच्या वेळी उभं राहायचं, अशी तिला सवय लागली होती. ती सवय कुणी लावली, हे मोठीइतकं कुणाला ठाऊक असणार?

"थांबा."

मोठी चपापली. शब्द तिनं उच्चारला होता खरा, पण आवाज दोन आले होते.

"मी दिलंय," मोठी म्हणाली, आणि एकदा बोलायला लागल्यावर सगळंच बाहेर पडलं. "काल सकाळी दिलं. त्याच्या आदल्या आठवड्यात दिलं. वर्षभर देतेय, बाई. जरा मलूल दिसली की देते."

धाकटी शेळीच्या शेपटीकडे बघत म्हणाली, "मी संध्याकाळी देते. कालही दिलं. चारा खाईना म्हणून."

मोठीनं मागं वळून पाहिलं. इतक्या वर्षांत तिनं धाकटीकडे इतकं नीट पाहिलं नव्हतं. "तू? तू कशाला दिलंस?"

"काजळी गेली म्हणून," धाकटी म्हणाली. "तुम्ही देत असाल असं वाटलं नाही. तुम्हीच नको म्हणाला होतात ना."

"अगं पण मी..."

इतक्यात दारातून खाकरल्याचा आवाज आला. मामंजी काठीची मूठ पुसत होते. "दुपारचं थोडंसं माझंही आहे," ते म्हणाले. "या दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. म्हटलं, ही म्हणेल ती देईल, ती म्हणेल ही देईल, आणि मुक्या जनावराचं राहून जाईल."

डॉक्टरीणबाईंनी पिचकारीतलं औषध परत बाटलीत सोडलं आणि पालथी बादली ओढून तिच्यावर बसल्या. "बाटल्या आणा," एवढंच म्हणाल्या.

एक पिठाच्या डब्यामागून आली, एक आरशामागून, आणि एक मामंजींच्या कोटाच्या आतल्या खिशातून, जो कोट ते झोपतानासुद्धा खुंटीला लावत नसत. तिन्ही एका पेंडवाल्याकडच्या. मोठीची आणि धाकटीची बाटली दिसायला वेगळी, आत एकच औषध. मामंजींची पिवळी बाटली वेगळी निघाली आणि ती हातात घेतल्यावर डॉक्टरीणबाईंचा चेहरा बदलला.

"लाळ आणि थरथर या पिवळ्यामुळं. किती देत होता?"

"बाटलीचं एक टोपण," मामंजी म्हणाले. "कधी दोन. काल दोन."

"ऐका तिघंही. जंताचं औषध म्हणजे विषच असतं. मापात दिलं तर जंत मरतात आणि शेळी तरते. पण सारखं सारखं दिलं, की ते पचवता पचवता तिचं यकृत थकतं, भूक जाते, दूध आटतं. आणि हे तुमचं पांढरं औषध मादीला गर्भ धरायच्या दिवसांत द्यायचंच नसतं. गर्भ टिकत नाही, टिकला तर त्यात व्यंग राहू शकतं. दोनदा उलटली म्हणत होता ना?"

मोठीला तो गल्ली बदलणारा बोकडवाला आठवला. बिचाऱ्या बोकडाला ती काय काय बोलली होती.

"आणि जंत?" मामंजींनी विचारलं.

"जंत मजेत असणार. इतकं औषध पिऊन पिऊन ते सरावलेत. आजारी पडली ती शेळी."

हे ऐकून खरं तर कुणी हसायला नको होतं. पण धाकटीच्या नाकातून फुर्रकन आवाज आला, तो ऐकून मोठीला आवरेना, आणि मग शेळी लाळ गाळत उभी असताना दोघी जावा तोंडात पदर कोंबून हसत राहिल्या, आणि हसताहसता मोठी रडायला लागली. डॉक्टरीणबाईंनी दोघींना आवरायला वेळ दिला नाही. कोळशाची औषधी पूड पाण्यात कालवली, ती पाजली, सलाईन लावली, खिडक्यांवर पोती टांगून अंधार करायला सांगितला. औषध बंद, कुठलंच नाही. दिवसभर कुणीतरी जवळ बसायचं, काय खाल्लं, किती प्यायली, लघवी झाली का, सगळं बघायचं. "आणि पाळी बदलताना पुढच्या माणसाला सांगायचं," त्या निघताना म्हणाल्या. "शेळीला नाही. तिला आता विश्रांती द्या."

"वाचेल ना?" मोठीनं फाटकापाशी विचारलं.

"ही वाचेल. पोटातल्याचं मी सांगू शकत नाही. जन्मेपर्यंत कुणीच सांगू शकणार नाही."

पुढचे काही दिवस घरात भलतीच शांतता होती, कारण सगळे गोठ्यात होते. पहिल्या दिवशी पाळी बदलताना मोठी उठली, धाकटी आली, आणि दोघी शाळेतल्या मुलींसारख्या खाली बघत उभ्या राहिल्या.

"प्यायली?" धाकटीनं विचारलं.

"अर्धं घमेलं."

"लेंड्या?"

"चार. घट्ट आहेत."

"बरं."

हे त्यांचं कित्येक वर्षांतलं पहिलं संभाषण. त्यातला विषय काही फार उंची नव्हता, हे मान्य. पण मोठीला घरात गेल्यावर इतकं हलकं वाटलं की तिनं विनाकारण चहा केला, जास्त झाला म्हणून मधल्या दाराची कडी काढली, पलीकडची लागलेली नव्हतीच, आणि एक कप पलीकडच्या फळीवर ठेवून आली. कप धुऊन परत आला. बोलणं लेंड्यांवरून चाऱ्यावर आलं, चाऱ्यावरून पेंडवाल्यावर. त्याच्याकडे मात्र दोघी एकत्र गेल्या. आमच्या एकाच घरात तीन बाटल्या जातायत हे तुम्हाला दिसत नव्हतं का, असं मोठीनं विचारलं. तो म्हणाला, मला वाटलं तुमच्याकडे शेळ्या वाढल्या. मग धाकटीनं तोंड उघडलं. कधी न बोलणारं माणूस बोलायला लागलं की काय होतं ते त्या दिवशी पेंडवाल्यानं अनुभवलं. मोठी शेजारी उभी राहून ऐकत होती आणि तिला असा अभिमान वाटला की सांगायची सोय नाही. एवढं चांगलं भांडता येत असताना ही पोरगी इतकी वर्षं माझ्याशी का भांडली नाही, असंही वाटलं.

बाईसाहेब सावरल्या. थरथर थांबली, चारा खायला लागल्या, पोट दिसायला लागलं. डॉक्टरीणबाई येऊन पापणी बघायला शिकवून गेल्या. मग तिघंही जाता येता शेळ्यांच्या पापण्या ओढून बघत बसायचे, इतके की शेळ्या त्यांना बघून तोंड फिरवायला लागल्या. बाटल्या डॉक्टरीणबाई घेऊन गेल्या होत्या. पण पोट जसं वाढत गेलं तसं दोघींचं त्याबद्दलचं बोलणं कमी होत गेलं. रात्री अंथरुणावर पडलं की मोठीच्या मनात एकच यायचं, आत काय वाढतंय? आणि जे वाढतंय त्याचं काय करून ठेवलंय आपण? दिवसा धाकटी शेळीच्या पोटावर हात ठेवून बसलेली दिसली की मोठी न बोलता आपलं काम करत राहायची. दोघींच्या मनात तेच होतं, हे दोघींना कळत होतं.

बाईसाहेब व्याली भर दुपारी. नवरे कामावर, डॉक्टरीणबाईंना निरोप धाडलेला, आणि गोठ्यात दोघी. त्रास झाला नाही. एक कळ, दुसरी कळ, आणि ओलं, पांढरं करडू गवतावर आलं. एकच. धाकटीनं नाकातोंडातली चिकटी पुसली, मोठीनं अंग चोळलं. करडानं डोकं झटकलं आणि बारीक आवाज काढला. जिवंत होतं. मोठीनं मागचा पाय उचलून पाहिला. पाट होती.

आणि मग तिचे पुढचे दोन्ही पाय दिसले. खुराच्या वर आत मुडपलेले. मोठीनं एक हळूच सरळ करायचा प्रयत्न केला. थोडा झाला, सोडल्यावर पुन्हा वळला.

बाईसाहेब करडाला चाटतच होत्या.

"माझ्यामुळं झालं," मोठी म्हणाली. "सगळ्यात जास्त मी दिलं. हिला तर दुप्पट देत होते."

"तुमच्यामुळं नाही," धाकटी म्हणाली. "ती राहिली त्याच आठवड्यात मी दिलंय. मला पक्कं आठवतंय. त्यानंच झालं."

"तुला काय कळतंय? माझी बाटली जुनी होती. पहिल्यापासून मी देत होते."

"पहिल्यापासूनचा काय संबंध? डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ऐकलं नाही का तुम्ही? गर्भ धरायच्या दिवसांत. त्या दिवसांत मी दिलं."

"मीही दिलं त्याच दिवसांत."

"तुम्ही सकाळी दिलंत. शेळी नेली दुपारी. मी दिलं संध्याकाळी, नेऊन आणल्यावर."

"म्हणजे सगळं तुझंच का?" मोठीचा आवाज चढला. "माझं काहीच नाही? एवढी वर्षं मी या गोठ्यात राबतेय आणि चूक करायची झाली तर तेवढी तुझी?"

"कशाला ओढून घेताय अंगावर? जिथं तिथं तुम्हीच पुढं."

"आणि तू? मुकाट्यानं सगळं करायचं आणि मुकाट्यानंच झुरायचं. एकदा येऊन म्हणाली असतीस, ताई, मी औषध देतेय, तर हे झालं असतं का?"

"तुम्ही म्हणायचं होतंत. तुम्ही मोठ्या."

मोठीच्या हातात करडाचा तो मुडपलेला पाय तसाच होता.

"म्हणायचं होतं गं," ती म्हणाली. "खूप वेळा म्हणायचं होतं. औषधाचंच नाही, सगळंच. तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, हेसुद्धा. पण इतकी वर्षं गेली, सुरुवात कुठून करायची तेच समजेना."

धाकटीनं डोळे पुसायला हात उचलला, तर हात चिकटीनं भरलेला. मग दंडानंच पुसले. मामंजी दारात येऊन उभे राहिले होते. माझ्या पिवळ्या बाटलीचंही असेल काही, असं ते हळूच म्हणाले, पण त्यांना दोघींनी एकाच वेळी गप्प बसवलं.

तेवढ्यात करडू उठलं. उठलं म्हणजे काय, मागच्या पायांवर झालं आणि पुढून गुडघ्यांवर टेकलं. एकदा कलंडलं. पुन्हा तसंच झालं, आणि गुडघ्यांवर सरकत, नाक पुढं करत, आईच्या पोटाखाली कास शोधायला लागलं. दोघींचे हात एकदम पुढं गेले. मोठीनं करडाला सावरून धरलं, धाकटीनं सड तोंडात दिला, आणि चीक पीत ते पिल्लू असं काही शेपूट हलवायला लागलं की त्याला त्याच्या पायांबद्दल कुणी सांगायचंच राहून गेलंय असं वाटावं.

"सरळ होतोय थोडा," धाकटी म्हणाली. "दोष हाडात नसेल. नुसत्या शिरा आखडल्या असतील. फळ्या बांधल्या तर?"

"बांबूच्या चिपा चालतील. वरून कापूस."

"कापूस नको, ओला राहील. जुनी पट्टी."

"कापूसच हवा, नाहीतर कातडी सोलेल."

"ताई, लघवीत भिजला तर कापूस काय कामाचा?"

"मग रोज बदलू. रोज बदलायला काय झालं? दोन माणसं आहेत घरात."

फाटकापाशी स्कूटर थांबली. गोठ्यातून येणारा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू जात होता, त्यामुळं डॉक्टरीणबाई पेटी घेऊन जवळजवळ धावतच आल्या आणि दारातच थबकल्या.

"आता कशावरून भांडताय?"

"भांडत कुठं आहोत?" मोठी म्हणाली. "बोलतोय."

आणि धाकटीनं करडाचा पाय त्यांच्यापुढं धरला.